वाचकांचे प्रश्न : शाब्दिक उदाहरण, उतारा आणि उजळणी

सहावी ते आठवीच्या उजळणीविषयी गेल्या अंकात पत्रे मागवली होती. आलेल्या पत्रांत काहींनी गणिताबद्दल विचारले आहे, काहींनी भाषेबद्दल. पण बहुतेकांची अडचण एकाच जागी येऊन थांबते. मुलाला शब्द सुटा विचारला तर येतो, वाक्यात भेटला की ओळखू येत नाही. त्यामुळे या वेळी दोन्ही विषयांची पत्रे एकत्र घेतली आहेत. जागेअभावी ती संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी सातवीत, मराठी माध्यमात शिकते. समीकरणे, शेकडेवारी, अपूर्णांक अंकांत दिले की ती बिनचूक सोडवते. तेच शाब्दिक उदाहरण म्हणून आले की गडबडते. गणितातील पारिभाषिक शब्दांच्या व्याख्या मी तिच्याकडून पाठ करून घेतल्या आहेत. वार्षिक परीक्षा दीड महिन्यावर आली आहे. आता आणखी काय करून घ्यावे?
— एक आई, मिरज

उत्तर : व्याख्यांची उजळणी आता थांबवली तरी चालेल. मुलीचे गणित कच्चे नाही, हे आपल्याच पत्रावरून दिसते. आणि व्याख्या पाठ असूनही उदाहरणे चुकत आहेत, म्हणजे दुखणे व्याख्यांतही नाही. माझ्या मते ते लहान शब्दांत आहे. ‘परिमेय संख्या’ किंवा ‘सरळव्याज’ या शब्दांकडे शिक्षक, पालक आणि मूल असे सगळ्यांचेच लक्ष असते. ‘ने’, ‘तून’, ‘पैकी’, ‘उरलेल्या’, ‘प्रत्येकी’, ‘अनुक्रमे’ यांच्याकडे कोणाचेच नसते, आणि उदाहरणाचे सुकाणू मात्र त्यांच्याच हाती असते.

पुढील दोन वाक्ये तिला एकाखाली एक लिहून द्यावीत. ‘एका संख्येच्या तिपटीतून ६ वजा केल्यास १८ उरतात.’ ‘एका संख्येतून ६ वजा करून येणाऱ्या वजाबाकीची तिप्पट १८ होते.’ दोन्हींत तेच आकडे आहेत, त्याच दोन क्रिया आहेत. पहिल्यात संख्या ८ येते आणि दुसऱ्यात १२. हा फरक ज्या प्रत्ययांमुळे पडला, ते आपण भाषेच्या तासाला ‘स, ला, ते’, ‘ने, ए, शी’, ‘ऊन, हून’ असे सुरात घोकलेले असतात. परंतु गणितात कोणती क्रिया आधी करायची हे तेच प्रत्यय ठरवतात, असे मुलांना क्वचितच सांगितले जाते. ‘१२ ला ३ ने भागा’ आणि ‘१२ ने ३ ला भागा’, ‘भाडे ५०० रुपयांनी वाढले’ आणि ‘भाडे ५०० रुपयांपर्यंत वाढले’, ‘किंमत २० टक्क्यांनी कमी झाली’ आणि ‘किंमत २० टक्के झाली’, अशा जोड्या मांडून प्रत्येक वाक्यासाठी एक ओळ गणित लिहून घ्यावे. उत्तर काढायला लावू नये. केवळ मांडणी लिहायची, इतकेच काम असले की लक्ष वाक्यावर राहते.

‘उरलेल्या’ या शब्दाचे एक उदाहरण देतो, कारण तो सातवीतल्या मुलांना हमखास चकवतो. ‘वर्गातील ४० विद्यार्थ्यांपैकी ३/५ मुली आहेत. उरलेल्या विद्यार्थ्यांपैकी निम्मे खो-खोच्या संघात आहेत. तर संघात किती मुलगे आहेत?’ मुली २४, उरले १६, त्यांचे निम्मे ८. हा शब्द ज्याच्या नजरेतून निसटतो, तो ४० चे निम्मे करून २० लिहितो. अशा वेळी ‘चूक’ असा शेरा मारण्यापेक्षा २४ आणि २० यांची बेरीज करायला सांगावी. चाळीसच्या वर्गात चव्वेचाळीस जण झाले, हे पाहून मूल वाक्याकडे आपणहून परत जाते.

काही शिकवण्यांमध्ये ‘एकूण दिसले की बेरीज, कमी दिसले की वजाबाकी’ असा तोडगा सांगितला जातो. हा तोडगा चौथीपर्यंत बहुधा निभावतो आणि पुढे दगा देतो. ‘ताईकडे ४५ रुपये आहेत. ते दादाकडील रकमेपेक्षा १५ ने जास्त आहेत. तर दादाकडे किती?’ येथे ‘जास्त’ हा शब्द ठळकपणे समोर आहे आणि करायची आहे वजाबाकी. आपल्या मुलीने असा एखादा तोडगा धरून ठेवला आहे का, हे आवर्जून तपासावे. ज्यांची अंकगणिते बिनचूक असतात अशा मुलांत ही सवय बरीच आढळते, कारण त्यांना क्रियेला सुरुवात करण्याची घाई असते.

चूक नेमकी कोठे होते हे शोधण्याची एक साधी रीत ऑस्ट्रेलियातील ॲन न्यूमन यांनी १९७७ मध्ये मांडली, आणि शिक्षक ती आजही वापरतात. चुकलेले उदाहरण मुलापुढे पुन्हा ठेवून पाच गोष्टी क्रमाने विचारायच्या : हे मोठ्याने वाच, यात काय विचारले आहे ते तुझ्या शब्दांत सांग, ते काढायला काय करशील, आता करून दाखव, आणि शेवटी, आलेल्या आकड्यावरून प्रश्नाचे उत्तर पूर्ण वाक्यात लिही. ज्या पायरीवर मूल अडखळेल, तेथेच उजळणी करायची. आपण वर्णन केले आहे त्यावरून मुलगी दुसऱ्या किंवा तिसऱ्या पायरीवर अडत असावी. पाच-सहा चुकलेली उदाहरणे अशा रीतीने तपासल्यावर ते आपल्यालाच दिसेल, आणि नव्या उदाहरणसंग्रहाची गरज आहे असे वाटत असेल तर तेही वाटेनासे होईल.

दुसरा एक उपाय मला स्वतःला फार उपयुक्त वाटतो. मुलीला तयार समीकरण द्यावे आणि त्यावरून शाब्दिक उदाहरण रचायला सांगावे. ३क्ष − ६ = १८ यासाठी एक, आणि ३(क्ष − ६) = १८ यासाठी दुसरे. कंस शब्दांत कसा आणायचा, हे जिला एकदा जमले, ती तो वाचताना सहसा चुकत नाही.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीला शिकवते. बऱ्याच मुलांच्या घरची भाषा प्रमाण मराठीहून वेगळी आहे. भाज्य-भाजक, गुण्य-गुणक, विभाज्य-विभाजक, मसावि-लसावि यांत त्यांची सतत सरमिसळ होते. तक्ता भिंतीवर लावला आहे. त्याकडे पाहून सांगतात, तक्ता झाकला की पुन्हा पहिलेच पाढे.
— एक शिक्षिका, नंदुरबार जिल्हा

उत्तर : तक्त्यातल्या सहा शब्दांना मुले सहा वेगळे शब्द समजत आहेत, आणि म्हणून त्यांच्या स्मरणावर सहापट ओझे पडते. प्रत्यक्षात तेथे शिकण्याची गोष्ट एकच आहे, ती म्हणजे शब्दाचा शेवट. शेवटी ‘क’ असेल तर तो काम करणारा. शेवटी ‘य’ जोडलेला असेल तर त्याच्यावर काम व्हायचे आहे. ही जोडी मुलांच्या ओळखीची आहे, कारण शाळेकडून घरी जाणाऱ्या प्रत्येक सूचनापत्रात ती असते : पालक आणि पाल्य. पालक सांभाळतो, पाल्याला सांभाळले जाते. त्याच चालीवर भाजक भागतो आणि भाज्याला भागले जाते, गुणक गुणतो आणि गुण्याला गुणले जाते. फळ्यावर ‘पालक-पाल्य’ लिहून त्याखाली बाकीच्या जोड्या मुलांकडूनच लावून घ्याव्यात. नंतर ४७ भागिले ६ असे उदाहरण घेऊन भाज्य ४७, भाजक ६, भागाकार ७ आणि बाकी ५ असे त्यांच्याच तोंडून वदवून घ्यावे. भाषेच्या तासाला ‘ग्राहक-ग्राह्य’, ‘पूजक-पूज्य’ या जोड्या घेतल्या, तर तोच धागा तेथेही पुढे नेता येतो. अपरिचित शब्दाचा शेवट पाहून अर्थाचा अंदाज बांधणे हे उताऱ्याच्या वाचनातही लागतेच.

मसावि (महत्तम सामाईक विभाजक) आणि लसावि (लघुतम सामाईक विभाज्य) यांची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण येथे नावच मुलांना फसवते. ‘लघुतम’ म्हटल्यावर लहान संख्या येईल आणि ‘महत्तम’ म्हटल्यावर मोठी, असे मूल धरून चालते, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. मग १२ आणि १८ यांचा ‘महत्तम’ म्हणून ६ येतो आणि ‘लघुतम’ म्हणून ३६ येतो, तेव्हा ते गोंधळते आणि उत्तरांची अदलाबदल करून टाकते. याचा उलगडा शेवटच्या अक्षराकडे पाहिल्याशिवाय होत नाही. विभाजक हे संख्येला भागणारे, त्यामुळे ते तिच्याएवढे किंवा तिच्याहून लहानच असतात आणि मोजकेच असतात. त्या लहानांतला सर्वांत मोठा निवडायचा. विभाज्य तिच्या पाढ्यात येणारे, ते तिच्यापासून सुरू होऊन वाढतच जातात, त्यांना शेवट नाही. त्या मोठ्यांतला सर्वांत लहान निवडायचा. १२ आणि १८ चे सर्व विभाजक एका बाजूला आणि पहिले पाच-सहा विभाज्य दुसऱ्या बाजूला, असे जमिनीवर खडूने लिहून मुलांना सामाईक संख्यांवर उभे केले, तर हा गुंता एका तासात सुटू शकतो. ‘मसावि’ आणि ‘लसावि’ ही संक्षिप्त रूपे मात्र अर्थ कळेपर्यंत वापरूच नयेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. पूर्ण नाव उच्चारायला दोन श्वास अधिक लागतात, पण अर्थ त्या पूर्ण नावातच आहे.

झाकल्यावरही आठवावा असा तक्ता हवा असेल, तर अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात १९६९ च्या सुमारास डोरोथी फ्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचवलेला चार खणांचा कागद वापरून पाहावा. मध्यभागी शब्द, पहिल्या खणात त्याचा अर्थ, दुसऱ्यात गुणधर्म, तिसऱ्यात उदाहरणे आणि चौथ्यात उदाहरणे नसलेल्या गोष्टी. चौथा खण सर्वांत मोलाचा आहे. ‘समभुज चौकोन’ या शब्दासाठी मुले तिसऱ्या खणात पत्त्यातल्या चौकटीची आकृती काढतात आणि चौथ्यात आयत. चौरस कोणत्या खणात जाईल, यावर वर्गात वाद होतो. तो होऊ द्यावा. चौरसाच्या चारही बाजू समान असतात, म्हणून तो तिसऱ्याच खणात जायला हवा, हे मुलांनी भांडून ठरवले की पुन्हा सांगावे लागत नाही.

घरच्या भाषेविषयी एवढेच सांगतो की अर्थाचा खण मुलांनी आपल्या बोलीत भरला तर त्याला हरकत घेऊ नये. पुस्तकातला शब्द मध्यभागी आहेच.

प्रश्न : नातू सातवीत आहे. आम्ही लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असे सगळे म्हणत होतो. नातवाला ‘पावणेतीन’ लिही म्हटले, तर त्याने ३.७५ लिहिले. त्याला हे जुने पाढे शिकवावेत का, की आता त्यांचा उपयोग नाही?
— एक आजोबा, डोंबिवली

उत्तर : पाढे म्हणून सगळे पाठ करून घेण्याचा आग्रह धरू नये, साडेतीनच्या औटकीपर्यंत जाण्याची तर मुळीच गरज नाही. मात्र पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, साडेतीन हे शब्द त्याला यायलाच हवेत, आणि ते दशांश अपूर्णांकांच्या उजळणीतच यावेत. ३.७५ हे उत्तर अगदी समजण्यासारखे आहे. त्याने ‘पावणे’ म्हणजे ‘पाऊण’ असे मानले आणि पाऊण तीनात मिळवले. ‘सव्वा’ आणि ‘साडे’ हे शब्द मिळवणारे आहेत, ‘पावणे’ हा कमी करणारा आहे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसणार. पावणेतीन म्हणजे तीनाला पाव कमी, म्हणून २.७५. घड्याळ हाताशी असतेच; पावणेतीन वाजले तेव्हा तीन वाजून गेलेले नसतात, हे त्याला लगेच पटेल.

एकोणतीस, एकोणसाठ, एकोणऐंशी या संख्यानामांतही हीच कमी करण्याची रीत आहे, आणि मराठी माध्यमातली मुलेसुद्धा एकोणसाठ ऐकून ६९ लिहितात. २०१९ मध्ये दुसरीच्या पाठ्यपुस्तकात ‘वीस एक’ अशा वाचनाची पद्धत आली तेव्हा वर्तमानपत्रांपासून विधिमंडळापर्यंत बराच वाद झाला. त्या वादात कोणतीही बाजू घेतली, तरी सातवीतल्या मुलाला दोन्ही बाजूंनी वाचता आले पाहिजे, कारण दुकानदार, बँकेतली मंडळी आणि आजोबा हे सगळे जुन्याच पद्धतीने बोलतात.

आपल्याला त्याच्याशी खेळता येईल असा एक प्रश्न सुचवतो. सव्वाशे म्हणजे १२५, सव्वा लाख म्हणजे १,२५,०००. मग ‘सव्वा’मधला पाव नक्की किती? एकदा तो २५ आहे आणि एकदा २५,०००. पाव हा कशाचा पाव, हे विचारल्याशिवाय त्याला किंमत नाही. शेकडेवारीच्या प्रकरणात मुले जेथे चुकतात ती जागा नेमकी हीच आहे. पुढे सातची दिडकी साडेदहा, पाचाची पाऊणकी पावणेचार, असे तोंडी हिशेब भाजी घेताना विचारत राहावे. मंडईत कांदा तीस रुपये किलो असताना अडीच किलोचे किती झाले, हे त्याने मोबाइल न काढता सांगितले की दिडकी-अडीचकीचा त्याच्यापुरता अर्थ पूर्ण झाला.

प्रश्न : मुलगा सहावीत आहे. रोज दहा नवे शब्द अर्थासह वहीत लिहितो. आठवड्याने विचारले तर त्यांतले दोन-तीन आठवतात. उतारा वाचून उत्तरे लिहितानाही त्याचे गुण जातात. शब्दसंग्रह वाढवण्याची दुसरी रीत आहे का?
— एक वडील, बदलापूर

उत्तर : दहा ही संख्या फार आहे, आणि ते दहा शब्द एकमेकांचे कोणीच लागत नाहीत, ही त्याहून मोठी अडचण आहे. आठवड्याला एक कूळ घ्यावे. भूमितीत त्याला ‘लंब’ हा शब्द नुकताच भेटला असेल. ‘लंब’च्या मुळाशी लोंबणे आहे : गवंडी भिंत सरळ आहे की नाही हे पाहण्यासाठी दोरीला वजन बांधून जो ओळंबा सोडतो, तो लोंबतो आणि जमिनीशी काटकोन करतो. घड्याळाचा लंबक लोंबतो. दुसऱ्याला धरून जो राहतो तो परावलंबी, स्वतःच्या आधारावर उभा तो स्वावलंबी, आणि ताटकळत राहिलेल्या कामाला विलंब होतो. आता त्याच्या पुढ्यात असे वाक्य ठेवावे : ‘दुष्काळाच्या तिसऱ्या वर्षी गावाने टँकरची वाट पाहणे सोडले आणि ओढ्यावर बांध घालायला घेतला, पाणी अडलेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे गाव स्वावलंबी झाले.’ येथे त्याला शब्दकोश लागणार नाही. वाक्याचा पूर्वार्ध आणि शब्दाचे कूळ, दोन्हींकडून अर्थ चालत येतो. ‘परि’ या उपसर्गाचेही तसेच आहे : परिमिती, परीघ, परिसर, परिक्रमा, या सगळ्यांत भोवतालून फिरणे आहे, आणि ज्याला परिमिती व क्षेत्रफळ यांत गल्लत करण्याची सवय आहे त्याला ‘परि’ने बरेच सावरता येते.

उताऱ्यावरील गुण जातात त्याचे कारण बहुधा उताऱ्यातले शब्द नसून प्रश्नातले शब्द आहेत. ‘कारणे लिहा’, ‘स्पष्ट करा’, ‘तुलना करा’, ‘निष्कर्ष काढा’, ‘स्वमत लिहा’ या प्रत्येकात वेगळे काम सांगितले आहे. मुले सर्वांना एकच उत्तर देतात, उताऱ्यातली दोन वाक्ये उतरवून. वरचेच दुष्काळाचे वाक्य घेऊन पाहावे. ‘गावाने बांध का घातला?’ याचे उत्तर वाक्यातच आहे. ‘गाव पूर्वी कोणावर अवलंबून होते, असा निष्कर्ष तुम्ही काढाल?’ याचे उत्तर थेट लिहिलेले नाही; टँकरचा उल्लेख आणि ‘स्वावलंबी झाले’ यातला ‘झाले’ जोडून ते मिळवावे लागते. ‘गावाने केले ते योग्य होते का, स्वमत लिहा’ याचे उत्तर उताऱ्यात नाहीच. एकाच उताऱ्यावर असे तीन जातींचे प्रश्न मुलालाच तयार करायला सांगावेत. ‘वर्गीकरण करा’, ‘आकृतिबंध पूर्ण करा’, ‘पडताळा घ्या’ ही सूचनावाक्ये गणित, विज्ञान आणि भाषा यांत सारखीच येतात, त्यामुळे त्यांवर घालवलेला वेळ अनेक विषयांत परत मिळतो.

वाचन मात्र या सर्वांहून वेगळे राखावे. गोष्टीचे पुस्तक वाचताना अडलेल्या प्रत्येक शब्दाखाली रेघ मारायला लावली की मूल पुस्तकच मिटते.

प्रश्न : मुलगा आठवीत, सेमी-इंग्रजीत आहे. सरावासाठी आठवीच्या जुन्या शिष्यवृत्ती प्रश्नपत्रिका आणल्या आहेत. गणिताचे मराठी शब्द त्याला येत नाहीत आणि इंग्रजी शब्द नीट समजत नाहीत. दोन्ही भाषांतील शब्दांची यादी समोरासमोर लिहून पाठ करावी का?
— एक आई, पिंपरी

उत्तर : यादी संदर्भासाठी ठेवावी, पाठ करू नये. समांतर रेषा आणि त्यांना छेदणारी रेषा अशी एकच मोठी आकृती काढावी. त्या आकृतीवर निळ्या शाईने छेदिका, संगत कोन, व्युत्क्रम कोन, आंतरकोन आणि लाल शाईने ट्रान्सव्हर्सल, करस्पॉन्डिंग, अल्टरनेट, इंटिरिअर असे लिहावे. दोन्ही शब्द आकृतीतल्या एकाच कोनाकडे बोट दाखवतात, हे डोळ्यांना दिसले पाहिजे. एका शब्दावरून दुसरा शब्द आठवायची सवय लागली, तर कोन दोन्हींच्या मधून निसटतो.

इंग्रजी शब्दांत आणखी एक धोका आहे, तो म्हणजे त्यांचे रोजचे अर्थ. प्रॉडक्ट म्हणजे दुकानातली वस्तू, व्हॉल्यूम म्हणजे टीव्हीचा आवाज, डिफरन्स म्हणजे वेगळेपणा, असे मूल आधीपासून जाणते. गणितात ते अनुक्रमे गुणाकार, घनफळ आणि वजाबाकीचे उत्तर होतात. मराठीतही हे आहेच. बीजगणितात कंस म्हणजे पदांभोवतीची खूण, तर भूमितीत तो वर्तुळाचा तुकडा; अंश एकदा अपूर्णांकाच्या डोक्यावर असतो आणि एकदा कोनाच्या मापात; कर्ण काटकोन त्रिकोणात बाजू असतो आणि चौकोनात नसतो. अशा दुहेरी शब्दांचे मात्र वेगळे पान करावे. ते फार मोठे होणार नाही.

शिष्यवृत्तीच्या प्रश्नपत्रिकांचा उपयोग अवश्य करावा. पहिल्या पेपरमध्ये प्रथम भाषेचे २५ आणि गणिताचे ५० असे ७५ प्रश्न १५० गुणांसाठी असतात आणि वेळ ९० मिनिटांचा, म्हणजे सरासरी एका प्रश्नाला ७२ सेकंद. एवढ्या वेळात प्रश्न दुसऱ्यांदा वाचणे जड जाते, म्हणून पहिल्याच वाचनात ‘नाही’, ‘चुकीचा’, ‘किमान’, ‘वगळून’ यांसारख्या शब्दांवर पेन्सिलीने गोल करण्याची सवय लावावी. आठवीच्या पेपरमध्ये कमाल २० टक्के प्रश्नांना दोन अचूक पर्याय असतात आणि ते दोन्ही नोंदवावे लागतात, अशी सूचना असते. ‘कमाल’ म्हणजे जास्तीत जास्त. तेवढे प्रश्न असतीलच असे नाही. ही सूचना त्याला स्वतःच्या शब्दांत सांगता येते का, तेथूनच सरावाला सुरुवात करावी. सुरुवातीचे काही पेपर घड्याळ न लावता सोडवू द्यावेत.

प्रश्न : शब्दांची उजळणी रोज थोडी करावी, की रविवारी बसून एकदम? मोबाइलवरचे शब्दकार्डांचे ॲप चालेल का?
— एक पालक, कणकवली

उत्तर : रोज थोडी, आणि मध्ये अंतर ठेवून. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाऊस यांनी स्वतःवर प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवले की पाठ केलेले सुरुवातीला झपाट्याने विसरले जाते आणि नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून आज शिकलेला शब्द उद्या, मग तीन-चार दिवसांनी, मग पंधरवड्याने पुन्हा समोर यावा. वही उघडून वाचणे म्हणजे उजळणी नव्हे. वही मिटून आठवणे म्हणजे उजळणी.

ॲप चालेल, पण कागदाची कार्डे अधिक चांगली, कारण ती मुलाने स्वतः लिहिलेली असतात. कार्डाच्या एका बाजूला शब्द लिहावा आणि मागे अर्थाऐवजी एक आकृती, एक उदाहरण किंवा शब्द गाळलेले एक वाक्य असावे. जे कार्ड सलग तीन वेळा जमले ते बाजूच्या डब्यात टाकावे आणि महिन्याने तो डबा एकदा उलटा करावा. गणिताची आणि भाषेची कार्डे एकाच गठ्ठ्यात मिसळून ठेवावीत. दहा मिनिटांच्या वर बसवू नये, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री गठ्ठ्यात नवे कार्ड घालू नये.